१६० चौरस फुटांतला पंखा

मुंबईत कॉम्प्युटरला गारवा आधी मिळाला, माणसाला बऱ्याच उशिरा.

१९६० साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एक कॉम्प्युटर रीतसर कामाला लागला. त्याचा आराखडा भारतातच झाला होता आणि बांधणीही इथेच. आर. नरसिंहन यांच्या हाताखालच्या तरुण गटाने तो उभा केला, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचं ‘टिफरॅक’ असं बारसं केलं. अठरा फूट लांब, आठ फूट उंच पोलादी सांगाडा आणि त्यात २,७०० व्हॉल्व्ह. जुन्या रेडिओच्या मागच्या जाळीतून डोकावलं की तांबूस उजळलेली काचेची नळी दिसायची, तो व्हॉल्व्ह. तापल्याशिवाय तो कामच करत नाही, आणि एकेकाची तार तापवायलाच दोनेक वॅट लागतात. गुणाकार करा. नुसत्या तारांचेच पाच किलोवॅटहून जास्त झाले, म्हणजे बंद खोलीत पाच इस्त्र्या कायम चालू. विजेच्या मीटरला विचाराल तर कॉम्प्युटर आणि हीटर यांत काहीच फरक नाही. आत गेलेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते.

पुढची पंचवीसेक वर्षं हा प्रश्न खोलीनेच सोडवला. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे अमेरिकन यंत्र आलं. मग मोठ्या कंपन्या, विमा कार्यालयं, बँका. सगळीकडे रिवाज एकच: यंत्राची खोली वेगळी, दार बंद, एसी चालू, चपला बाहेर. ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्यांनी शाळेत किंवा क्लासला कॉम्प्युटर शिकला, त्यांना पहिली आठवण विचारून बघा. बेसिकच्या आज्ञा क्वचितच आठवतात, अंगावर आलेला तो गार झोत हमखास आठवतो. भर मे महिन्यात परळच्या घरातून उठून त्या खोलीत जाऊन बसण्यात शिक्षणाची ओढ किती आणि एसीची किती, हे ठरवणं अवघड आहे.

या सगळ्या काळात उष्णता आणि आवाज भिंतीपलीकडे राहिले. यंत्र कितीही घोंघावलं तरी त्याच्या शेजारी कुणी झोपत नव्हतं.

आता दुसरी खोली बघू. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि आजच्या ना. म. जोशी मार्गावर चाळी बांधल्या. बीडीडी चाळ म्हणतात ती हीच. त्यातलं एक घर १६० चौरस फुटांचं. गिरगावच्या वाड्यांतली किंवा लालबागच्या खासगी चाळींतली खोलीही या मापापासून फार लांब नसे. स्वयंपाक, देव्हारा, मोरी, कपाट, अभ्यास आणि पाच-सात माणसांची अंथरुणं, सगळं यातच. गिरण्या तीन पाळ्यांत चालत, त्यामुळे गिरणगावातल्या घरात दिवसाच्या कुठल्याही वेळी कुणीतरी झोपलेलं असणारच. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी दहाला भिंतीकडे तोंड करून पडलेला, आणि मुलं गॅलरीत पुस्तकं घेऊन बसलेली. साच्यांच्या खडखडाटात आठ तास काढून आलेल्याला घरात शांतता हवी असे, आणि ती मिळवून देण्यासाठी बाकीचे आवाज गिळत. तेव्हा शांतता ही या चाळींत काही श्रीमंती चोचल्यांची गोष्ट नव्हती. एकमेकांना सांभाळून राहण्याचा तो भाग होता.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्याचं पुढे काय झालं ते इथे पुन्हा सांगत नाही. कापडाच्या धंद्यावरचा भरवसा उडालेल्या घरांतली पुढची पिढी टायपिंग, टॅली, डीटीपी, हार्डवेअरचे क्लास अशा वाटांनी गेली, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे त्यातल्या काही घरांत कॉम्प्युटर आला. कर्ज काढून, भिशीतून, मामाच्या मदतीने. टेबल खिडकीशी, मॉनिटरवर शिवून घेतलेलं कापडी कव्हर. तिकडे गिरगावात, जिथे मौजसारख्या छापखान्यांनी मराठी पुस्तकं घडवली, खिळे जाऊन डीटीपी आलं होतं. दिवाळी अंकांच्या हंगामात घरी बसून पानं लावणारी माणसं रात्र रात्र जागू लागली. म्हणजे पाळ्या संपल्याच नाहीत, रात्रपाळी फक्त घरात आली. पूर्वी साचे गिरणीत असत आणि झोप घरात. आता दोन्ही एकाच छपराखाली, चार हातांच्या अंतरावर.

आणि नेमक्या याच वर्षांत कॉम्प्युटर आवाज करू लागला.

त्याआधीचे घरगुती, म्हणजे डेस्कटॉप कॉम्प्युटर बऱ्यापैकी थंड डोक्याचे होते. २८६ आणि ३८६ या पिढ्यांतले प्रोसेसर उघड्या अंगाने मदरबोर्डवर बसत. पंखा असे तो एसएमपीएसमध्ये. १९९२ साली ४८६ डीएक्स२ आला आणि पहिल्यांदा प्रोसेसरच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा ठोकळा ठेवणं गरजेचं वाटू लागलं. १९९३ च्या पेंटियमनंतर त्या ठोकळ्यावर पंखा नेमाने दिसू लागला. ठोकळा, त्याला पातळ पात्यांची दाटी, वर पंखा, हा हीटसिंक. आपल्याकडे दुकानात त्याला कुणी हीटसिंक म्हणत नाही. तो ‘सीपीयू फॅन’ किंवा फार तर ‘कूलर’. (नागपूरकरांनी लगेच वाळ्याच्या ताट्या डोळ्यांपुढे आणू नयेत. त्या कूलरकडे आपण येणारच आहोत.)

दुकान म्हणजे अर्थातच लॅमिंग्टन रोड. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. पाटीवर आता डॉ. भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून पाहा. ग्रँट रोड स्टेशनावरून चालत येता येणारा हा रस्ता आधी सिनेमा थिएटरांचा आणि रेडिओच्या सुट्या भागांचा. व्हॉल्व्हपासून ट्रान्झिस्टर, टीव्ही, टेपरेकॉर्डर असं करत करत तो कॉम्प्युटरवर आला. ब्रँडेड मशीन परवडत नसे, तिथे ‘असेंबल’ करून घ्यायचं. असेंबल करणारा मुलगा कागदावर कोटेशन लिहून देई: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड, माउस. कोटेशनमध्ये हीटसिंकची ओळच नसे. प्रोसेसर खोक्यातला असेल तर कंपनीचा पंखा सोबत येई. ट्रेमधला सुटा प्रोसेसर घेतला तर दुकानदार शे-दोनशेचा कुठलातरी पंखा वर बसवून देई. घरात रात्रभर ऐकायची गोष्ट एवढी एकच, आणि तिचीच निवड कुणी करत नसे.

पंख्याचं गणित साधं आहे आणि निर्दय आहे. वारा फेऱ्यांच्या प्रमाणात वाढतो, पण आवाजाची ताकद साधारण फेऱ्यांच्या पाचव्या घाताने वाढते. फेरे निम्मे केले तर वारा निम्मा होतो, आवाज मात्र १५ डेसिबलने उतरतो. दहा डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. आणि व्यास दुप्पट केला तर, निदान कागदावर, तेवढाच वारा एक अष्टमांश फेऱ्यांत मिळतो. आता २००१-०२ च्या सुमाराचे एएमडी ॲथलॉनवरचे पंखे आठवा: साठ मिलिमीटरचे, आणि त्यातले दांडगे मिनिटाला सहा-सात हजार फेरे घेणारे. ४५ डेसिबलच्या आसपास आवाज. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा तेवढीच, ४५ डेसिबल, आहे. म्हणजे एका वस्तीला रात्रभरासाठी जेवढा आवाज कायद्याने मंजूर, तेवढा एकटा पंखा उशाशी बसून खायचा. (गणपतीचे दहा दिवस अपवाद. त्या काळात लालबागमध्ये कुणाला सीपीयू फॅन ऐकू आल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.)

त्यात मुंबईची हवा. हीटसिंक काही थंड करतो ही समजूत चुकीची आहे. खोलीपेक्षा गार होणं त्याला शक्यच नाही. तो फक्त उष्णता वाटून टाकतो. समजा एखादा हीटसिंक दर वॅटमागे ०.४ अंश चढू देतो. ६५ वॅटचा प्रोसेसर असेल तर खोलीच्या वर २६ अंश. युरोपातला परीक्षक २२ अंशांच्या खोलीत, उघड्या टेबलावर मांडून त्याची चाचणी घेतो तेव्हा ४८ अंश येतात आणि तो लिहितो, ‘पंखा ऐकूच येत नाही’. तोच हीटसिंक मे महिन्यात ३३ अंशांच्या खोलीत बंद कॅबिनेटमध्ये बसवा. कॅबिनेटच्या आतली हवा आणखी सहा-सात अंश तापलेली. बेरीज ६५ च्या पुढे. मदरबोर्ड तापमान बघूनच पंख्याचे फेरे ठरवतो, त्यामुळे तिकडे मुका असलेला पंखा इकडे बोलायला लागतो. परदेशी परीक्षणातला शांतपणा त्यांच्या हवेचाही असतो. आपल्याकडे तीच शांतता हवी तर एक पायरी मोठा हीटसिंक घ्यावा लागतो, असा माझा तरी हिशेब आहे.

धूळ वेगळीच. खिडकी उघडी ठेवणाऱ्या घरात पात्यांमध्ये वर्षभरात लोकरीची सतरंजी तयार होते, वारा अडतो, फेरे वाढतात. मशीन ‘जुनं झालं म्हणून’ ओरडतं असं लोक म्हणतात. बहुतेक वेळा रंगकामाचा एक मऊ ब्रश पुरतो.

मग मोठा, चांगला हीटसिंक आणून बसवायचा का? इथे दुसरा इतिहास आडवा येतो, छिद्रांचा.

कुकरची रिंग आणायला गेलं की दुकानदार आधी कंपनी विचारतो आणि मग लिटर. हीटसिंकचंही तेच. प्रोसेसर ज्या सॉकेटात बसतो त्याच्याभोवती मदरबोर्डला चार छिद्रं असतात, आणि हीटसिंकचे पाय त्यांतच बसायला हवेत. सुरुवातीला छिद्रंही नव्हती. सॉकेटच्या दोन बाजूंच्या प्लॅस्टिकच्या दातांवर लोखंडी पट्टी अडकवायची. १९९७ च्या पेंटियम टू ने सॉकेटच सोडलं. तो कॅसेटसारखा उभा खाचेत बसे, त्यामुळे आधीचे सगळे ठोकळे निकामी. दोनेक वर्षांत इंटेल पुन्हा सॉकेटवर आली. एएमडीच्या सॉकेट ए ची पट्टी इतकी कडक की ती स्क्रू ड्रायव्हरने दाबून बसवावी लागे. हात सटकला तर मदरबोर्डवर ओरखडा, आणि ठोकळा तिरका टेकला तर प्रोसेसरचा उघडा गाभा कोपऱ्यात टवका उडून मेला. असेंबल करणाऱ्यांचे हात का थरथरत ते यावरून कळावं.

२००१ च्या सप्टेंबरात ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळाने एक चित्रफीत दाखवली. चालू कॉम्प्युटरवरून हीटसिंक उचलला तर काय होतं? पेंटियम फोर नुसता मंदावला. ॲथलॉनमधून धूर निघाला. तुमच्या हातातल्या फोनमध्ये पंखा नाही. तो तापला की खेळ अडखळायला लागतो, ती अडखळ म्हणजे त्या पेंटियम फोरच्या मंदावण्याचीच नातेवाईक. आपला जीव वाचवायचा तर काम हळू करायचं, हे तोवर यंत्रांना सगळ्यांनाच ठाऊक नव्हतं.

२००४ साली इंटेलने एलजीए ७७५ हे सॉकेट आणलं. चार छिद्रं, शेजारच्या दोन छिद्रांत ७२ मिलिमीटर अंतर, आणि प्लॅस्टिकच्या चार खुंट्या, ज्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत अंगठ्याने दाबायच्या. मदरबोर्ड वाकतो, छातीत धस्स होतं, ‘टक’ असा आवाज येतो. तीन टक आले आणि चौथा आला नाही तर मशीन महिनाभर चालतं आणि मग विनाकारण बंद पडू लागतं. २००९ साली एलजीए ११५६ आलं आणि अंतर ७५ झालं. मग ११५५, ११५०, ११५१, १२०० अशी सॉकेटं बदलत गेली. गंमत बघा: यात ११५६ चा प्रोसेसर ११५५ मध्ये बसत नाही, पण त्याच्या डोक्यावरचा पंखा बसतो. २०२१ साली एलजीए १७०० सोबत अंतर ७८ झालं. बारा वर्षं चाललेला हीटसिंक तीन मिलिमीटरने बाद. तांबं तेच, पाती तीच, उष्णता वाहण्याचा नियम तोच, फक्त पाय पुरेनात.

एएमडीची वागणूक या बाबतीत बरी. २००३-०४ पासूनची कडी अडकवायची जागा त्यांनी बराच काळ तशीच ठेवली. २०१६-१७ मध्ये एएम ४ ला छिद्रं सरकली तरी कडीचे जुने कूलर चालत राहिले, आणि २०२२ च्या एएम ५ वर एएम ४ चे बहुतेक कूलर बसतात. अट एवढीच की बोर्डामागची मूळ पट्टी वापरणारा कूलर असावा, कारण एएम ५ वर ती काढता येत नाही. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआसारख्या कंपन्या जुन्या ग्राहकाला नव्या सॉकेटचे पाय बिल दाखवल्यावर फुकट पाठवतात. लॅमिंग्टन रोडवर हा धर्म वेगळ्या रूपात दिसतो: सुटे ब्रॅकेट, स्क्रू आणि स्प्रिंगा विकणारे लोक. चांगल्या हीटसिंकचं आयुष्य दोन-तीन कॉम्प्युटरांइतकं असतं, त्याच्या पायांचं तेवढं नसतं.

कान फाडण्याचा हा जमाना संपला तो मात्र पंखेवाल्यांमुळे नव्हे. २००४ च्या पेंटियम फोरची ‘प्रेस्कॉट’ आवृत्ती ११५ वॅटपर्यंत गेली. वेग वाढवत नेण्याची स्पर्धा उष्णतेने अडवली. त्याच ऑक्टोबरात इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर रद्द केला आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी भर व्यासपीठावर, थट्टेने का होईना, गुडघे टेकून माफी मागितली. २००६ च्या कोअर टू ड्युओने ६५ वॅटमध्ये त्याच्यापेक्षा जास्त काम केलं. लाखो घरांतली रात्र त्या वर्षी थोडी शांत झाली, याची नोंद कुठल्याही इतिहासात नाही.

दुसरी मदत आली नळीची. १९४४ सालच्या एका अमेरिकन पेटंटात कल्पना होती, १९६३ च्या सुमारास लॉस ॲलामॉसमध्ये जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती प्रत्यक्षात आणली आणि उपग्रहांच्या कामी लागली. तिचं नाव हीट पाइप. तांब्याची बंद नळी, आतली हवा काढून टाकलेली, तळाशी चमचाभरही नाही इतकं पाणी. दाब कमी असल्यामुळे पाणी थोड्या उष्णतेनेच उकळतं, वाफ गार टोकाकडे धावते, तिथे पाणी होऊन आतल्या जाळीतून झिरपत परत येते. नागपूरचा कूलर आणि मातीचा माठ हेच करतात: पाणी उडतं, उष्णता घेऊन जातं. पण मुंबईत हवा आधीच पाण्याने भरलेली, म्हणून इथे कूलर चालत नाही आणि माठातलं पाणी विदर्भासारखं गार होत नाही. नळीला बाहेरच्या दमटपणाशी देणंघेणं नाही. तिने आपला विदर्भ नळीतच बंद करून ठेवला आहे.

या नळ्यांमुळे पाती प्रोसेसरपासून लांब, उंच नेता आली आणि १२० मिलिमीटरचा मोठा, सावकाश फिरणारा पंखा त्यांना जोडता आला. कोरियाच्या झाल्मनचे फुलासारखे उमललेले तांब्याचे कूलर २००३ च्या सुमारास गाजले. मग कूलर मास्टरचा चार नळ्यांचा हायपर २१२ आपल्याकडच्या असेंबल मशिनांत सर्रास दिसू लागला. त्यानंतरच कुठे कोटेशनमध्ये ‘कूलर’ अशी वेगळी ओळ येऊ लागली.

आज निवडायचा झाला तर माझा क्रम दुकानदाराच्या उलटा आहे. तो आधी आरजीबी दिवे दाखवतो. तुम्ही आधी सॉकेट सांगा, प्रोसेसरचं नुसतं नाव पुरत नाही. मग कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढून प्रोसेसरपासून झाकणापर्यंतची जागा पट्टीने मोजलेली असू द्या. नॉक्टुआचा एनएच-डी१५ १६५ मिलिमीटर उंच आणि पंख्यांसकट सव्वा किलोच्या वर आहे. तो स्वस्तातल्या अरुंद कॅबिनेटमध्ये मावत नाही आणि ६५ वॅटच्या प्रोसेसरला त्याची गरजही नाही. तेवढ्यासाठी चार नळ्या आणि १२० चा एक पंखा पुष्कळ. रॅमच्या पट्ट्या उंच असतील तर पंखा त्यांच्यावर टेकतो, तेही बघून घ्या. पंख्याची वायर चार पिनांची हवी, म्हणजे मदरबोर्डला फेरे हळूहळू वरखाली करता येतात. सतत बदलणारा आवाज एकसुरी आवाजापेक्षा जास्त टोचतो, म्हणून बायोसमध्ये फेऱ्यांची चढण सपाट ठेवावी. साठ अंशांपर्यंत पंखा हलूच नये असं खुशाल ठरवा. प्रोसेसरला साठ अंश म्हणजे काहीच नाही. आणि मशीन लाकडी टेबलाच्या खणात कोंबू नका. तिथे कुठलाही हीटसिंक स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढतो.

बीडीडी चाळींच्या जागी आता टॉवर उभे राहत आहेत, १६० ऐवजी ५०० चौरस फुटांची घरं, झोपायची खोली वेगळी. तिथल्या एसीच्या घरघरीत सीपीयूचा पंखा ऐकू येणारही नाही. इतरत्र, जिथे अजून एकच खोली आहे आणि रात्री कुणी ऑनलाइन पाळी करतंय, कुणी व्हिडिओ एडिट करतंय, तिथे तो ऐकू येतो.

२०२४ साली इंटेलने पुन्हा सॉकेट बदललं, १७०० चं १८५१ झालं. छिद्रं मात्र ७८ मिलिमीटरवरच आहेत.